कॉईल गेली म्हणे

दुचाकीच्या दुखण्यांत 'कॉईल गेली' हे निदान जितक्या बिनधास्त केलं जातं, तितकं दुसरं कुठलंच होत नसेल. प्लग काढून दाखवता येतो. काळा पडलाय, तेलकट झालाय, बघा तुम्हीच. कार्बोरेटर उघडला की वाटीत साठलेला कचरा दिसतो. क्लचप्लेटी घासल्या असतील तर हाताला कळतं. प्लगच्या ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करणारी कॉईल म्हणजे मात्र काळा बंद ठोकळा. आत काय झालंय ते मिस्त्रीला दिसत नाही आणि गिऱ्हाइकालाही. म्हणून बाकी कुठे काही सापडलं नाही की खापर तिच्यावर फुटतं. नवी लावल्यावर गाडी सुरू झाली तर विषयच संपला. मग ती कॉईलने झाली, की कॉईल बदलताना एखादी सैल वायर घट्ट बसली म्हणून झाली, हे कोण विचारतो?

माझ्याकडे २००३ सालची स्प्लेंडर आहे. तिला हल्ली एक खोड लागली होती. कोल्हापुरात, किंवा कळे-साळवणच्या सपाट रस्त्यावर काही तक्रार नाही. वैभववाडीहून परत येताना करूळ घाट चढायला लागलं, एक्सलेटर पिळला, की मिसिंग. झटके, मग फट् असा आवाज, मग पुन्हा नीट. घाट संपून गगनबावड्याच्या थंड हवेत आलो की जणू काही घडलंच नाही. आमच्या मिस्त्रीने ऐकून घेतलं, गाडीकडे न बघताच म्हणाला, "सायेब, कॉईल गेलीया. डोस्क्याला ताप करून घेऊ नगा, नवी टाकूया की."

त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याच्या दारात गाड्या उभ्या असतात. कॉईल तपासत बसायला अर्धा तास, बदलायला दहा मिनिटं. शिवाय त्याच्याकडे एक चालू कॉईल खुंटीला कायम टांगलेली असते. संशय आला की ती लावून बघतो. ही पद्धत वाईट नाही, उलट गॅरेजसाठी सगळ्यात खात्रीची तीच. पण मी पतसंस्थेत हिशेब तपासणारा माणूस. एक आकडा काढून दुसरा ठेवला आणि बेरीज जुळली, म्हणून पहिला आकडा चूक होता असं मला मानवत नाही. मी म्हटलं, रविवारी घरीच बघतो.

स्प्लेंडरची कॉईल पेट्रोलच्या टाकीखाली चेसिसला दोन बोल्टांनी आवळलेली असते. सीट काढायची, कॉक बंद करून पेट्रोलची नळी सोडवायची, टाकी उचलून लांब ठेवायची. ही टाकी खरोखर लांब ठेवायची बरं का. पुढे आपण ठिणग्याच पाडणार आहोत.

घरात बहुतेकांकडे असतो तो पिवळा स्वस्त मल्टिमीटर या कामाला चालतो, फक्त त्याचं थोडं ऐकून थोडं सोडून द्यावं लागतं. कॉईलच्या आत पातळ लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्यावर दोन वेटोळी असतात. प्रायमरी जाड तारेची, थोड्या वेढ्यांची. सेकंडरी अगदी बारीक तारेची, तिचे वेढे प्रायमरीच्या साधारण शंभरपट. सीडीआयच्या, म्हणजे साठवलेला करंट एकदम कॉईलमध्ये सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा असलेल्या गाडीत प्रायमरीचा रोध एक ओहमच्याही आत भरतो. आता या मीटरच्या दोन पिना नुसत्या एकमेकींना टेकवल्या तरी तो तीन-चार दशांश ओहम दाखवतो. म्हणजे जे मोजायचं तेवढीच मोजपट्टीची चूक. तेव्हा आधी पिना टेकवून येणारा आकडा लक्षात ठेवायचा आणि पुढच्या आकड्यातून वजा करायचा. माझी प्रायमरी वजाबाकी करून अर्ध्या ओहमच्या आसपास आली. सेकंडरी मोजताना एक पिन जाड वायरीच्या टोकात, दुसरी कॉईलच्या लोखंडी अंगाला, कारण या गाडीत अर्थिंग त्या अंगातूनच मिळतं. तिथलं गंजकं रंगाचं पापुद्रं आधी पॉलिश पेपरने खरवडून घ्यावं लागलं. आकडा आला ३.६ किलोओहम. अशा छोट्या कॉईलला शोभेलसा.

पण हा आकडा प्लगकॅप, म्हणजे जाड वायरीच्या टोकाची प्लगवर बसणारी टोपी, काढल्यावरचा. कॅप स्क्रूसारखी फिरवली की वायरीवरून निघते. बहुतेक कॅपांच्या पोटात ५ किलोओहमचा एक रेझिस्टर असतो, म्हणून कॅपसकट मोजलं की तेवढे वाढवून धरायचे. माझा कॅपसकटचा आकडा ८.६ यायला हवा होता. मीटरवर नुसताच १ उभा राहिला, म्हणजे वाटच बंद. कॅप जरा दाबली तर ४० किलोओहम, सोडली की पुन्हा १.

इथे कुणीही म्हणेल, झालं, सापडला चोर. पण कॅपमधून वाटच नसेल तर गाडी सुरू कशी होते? नुसती सुरूच होत नाही, तर कोल्हापूर ते वैभववाडी व्यवस्थित जाते. दुसरी बाजू अशी की मीटरने कॉईलला उत्तम शेरा दिला, त्या शेऱ्याचा अर्थ किती? मीटर पिनांमधून देतो ते एखाद-दोन व्होल्ट, फार तर बॅटरीच्या नऊच्या आतलं काहीतरी. कॉईलला काम करायचं असतं पंधरा-वीस हजार व्होल्टला. सेकंडरीच्या दोन थरांमधलं इन्सुलेशन कुठे जळून कमकुवत झालं असेल, तर मीटरच्या एका व्होल्टला ते खणखणीत वाटतं आणि हजारो व्होल्टला तिथूनच आतल्या आत ठिणगी मारतं. हजारो वेढ्यांतले दोन-चार एकमेकांना चिकटले तर ओहममध्ये फरक दिसतसुद्धा नाही, पण त्या चिकटलेल्या कड्यात प्रवाह फिरत राहून कॉईलचा जोर खाऊन टाकतो. थोडक्यात मीटर दोन्हीकडून फसवतो. मेलेल्याला जिवंत म्हणतो आणि जिवंताला मेलेला. तार तुटून तिची टोकं एकमेकांपासून सुटली असतील तर तेवढं तो नक्की पकडतो.

मीटर नव्हते तेव्हा लोक काय करत होते, याची एक गोष्ट मला फार आवडते. ही कॉईल मुळात मोटारींसाठी जन्मलीच नाही. आयर्लंडमधल्या मेनूथच्या कॉलेजात निकोलस कॅलन नावाचे धर्मगुरू विज्ञान शिकवत. एका वेटोळ्यातला प्रवाह बदलला की शेजारच्या वेटोळ्यात वीज उमटते, हे विद्युतप्रवर्तन फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं आणि १८३६ मध्ये कॅलननी दोन वेटोळ्यांची ही कॉईल केली. व्होल्ट मोजायचं साधन नाही, मग जोर किती आहे हे कळणार कसं? विद्यार्थ्यांना झटका देऊन. कोण किती उडतो त्यावर माप. त्यांच्या प्रयोगांत पुढे डब्लिनचा आर्चबिशप झालेला विल्यम वॉल्श बेशुद्ध पडला होता असं सांगतात, आणि त्यानंतर फादरांनी पोरं सोडून टर्की पक्ष्यांवर प्रयोग सुरू केले म्हणे. आमच्याकडचे जुने मिस्त्री वायरीचं टोक बोटाजवळ धरून "आहे करंट" असा निकाल देत, ते सगळे कॅलनच्याच घराण्यातले. हे करू नये. विशेषतः सीडीआयच्या गाडीत तर नाहीच, कारण तिथे प्रायमरीकडेही दोनशेच्या वर व्होल्ट असतात. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्याला या कामाच्या आसपासही उभं करू नये.

मग करतात ती दुसरी पद्धत म्हणजे प्लग काढून, कॅपला लावून, त्याची लोखंडी बाजू इंजिनाच्या अंगावरच्या पात्यांना टेकवायची आणि कीक मारायची. यात दोन माणसं लागतात. मी पुतण्याला कीकवर बसवलं. प्लग हेडच्या भोकापासून लांब धरला, कारण कीक मारली की त्या भोकातून पेट्रोलचा फवारा बाहेर येतो. "काका, दिसतंय! निळं दिसतंय!" पोरगं खूश. निळी, टचटच वाजणारी ठिणगी. मिस्त्री असता तर म्हणाला असता, करंट चांगला आहे, मग कार्बोरेटर बघा.

आणि नेमकं हेच घाटातल्या दुखण्याचं मर्म आहे, निदान मला तरी तसं वाटतं. ठिणगीला अंतर कापायचं असतं ते नुसतं मिलिमीटरमध्ये मोजून भागत नाही. तिच्या वाटेत हवा किती दाटलेली आहे हेही धरावं लागतं. फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये हा नियम मांडला: ठिणगी पडायला किती व्होल्ट लागणार ते दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. अंगणात पिटुकल्या फटीतून ठिणगी पडली यात कॉईलचं काही कौतुक नाही, ते काम मरायला टेकलेली कॉईलही करते. सिलिंडरमध्ये पिस्टन वर येऊन मिश्रण दाबतो, तेव्हा दाब बाहेरच्या कितीतरी पट होतो आणि त्याच फटीला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. सपाटीवर एक्सलेटर थोडासाच उघडा असतो, सिलिंडर अर्धवट भरतो, दाबही बेताचा. घाटात एक्सलेटर पूर्ण पिळला की सिलिंडर गच्च भरतो. दाब वाढला, मागणी वाढली. कॉईलची किंवा कॅपची किंवा वायरीची जी काही कमजोरी असेल ती तिथे उघडी पडते. गाडी घाटाला घाबरते ती अशी.

म्हणजे अंगणात उभ्या गाडीला घाट दाखवायचा तर दाब वाढवता येत नाही, अंतर वाढवता येतं. गुणाकारच तो. प्लगची फट पाऊण मिलिमीटरची असेल तर मोकळ्या हवेत सहा-सात मिलिमीटरची फट ठेवून बघायचं. दुकानात याचं तयार यंत्र मिळतं, पण मी लाकडाच्या कोरड्या फळीवर पितळेचे दोन लांब स्क्रू समोरासमोर बसवले, टोकांमधलं अंतर पट्टीने सहा मिलिमीटर ठेवलं. एका स्क्रूला कॉईलची जाड वायर, दुसऱ्यापासून इंजिनाला चांगली अर्थिंग. अर्थिंग विसरायची नाही. ठिणगीला बाहेर जायला वाटच नसली तर ती कॉईलच्या आत वाट करते आणि चांगली कॉईल आपल्या तपासणीनेच जाते. फटही उगाच बारा-पंधरा मिलिमीटर करून मर्दुमकी दाखवू नये, कारण तेच. गुळगुळीत गोळ्यांमध्ये एक मिलिमीटर हवेला साधारण ३ हजार व्होल्ट लागतात, टोकदार स्क्रूंमध्ये त्याहून कमी. त्यामुळे या फळीवरून व्होल्ट मोजता येतात असं समजू नये. जमते की नाही एवढंच कळतं.

कॅपशिवाय, नुसत्या वायरीने, ठिणगी सहा मिलिमीटर सहज गेली. प्रत्येक कीकला. कॅप मध्ये घातली की एखादी जायची, दोन चुकायच्या.

कॅपच्या तोंडातला पितळी भाग पेचकसाने फिरवला तर सुटतो. आतून एक पांढरट छोटी कांडी आणि एक स्प्रिंग टेबलावर पडली. स्प्रिंगचं कांडीला टेकणारं टोक काळं होऊन झिजलेलं, कांडीच्या तोंडावर राखाडी भुकटी. कांडी आणि स्प्रिंग यांच्यात नावाला अंतर पडलं होतं. ठिणगी रोज ते अंतर उडी मारून पार करत होती आणि मग प्लगमध्ये दुसरी उडी मारत होती. मीटरच्या एका व्होल्टला ही फट म्हणजे तुटलेली वाट, म्हणून तो १ दाखवत होता. कॉईलला ती किरकोळ गोष्ट, सपाटीवर तरी. घाटात दोन उड्या जड व्हायच्या. ही कॅप मीच मागे कधीतरी बाजारातून घेतलेली, पाकिटावर नावगाव नसलेली. नवी, चांगली कॅप कॉईलच्या किमतीपुढे काहीच नाही. वायरीच्या टोकाची तांब्याची तार हिरवी पडली होती, ती पाच मिलिमीटर कापून टाकली, आतली लखलखीत तार आली, त्यावर कॅप फिरवून बसवली. गाडी त्यानंतर करूळ चढली.

मिस्त्रीला ती स्प्रिंग नेऊन दाखवली. त्याने ती चिमटीत धरून बघितली, म्हणाला, "कॉईल बदलली आस्ती तर नवी कॅप लागूनच आली आस्ती की सायेब." हे खरंच आहे. गाडी तशीही बरी झाली असती, जुनी चांगली कॉईल भंगारात गेली असती आणि आम्ही दोघं समाधानी.

पण कॉईल कधी जातच नाही असं नाही. गडहिंग्लजच्या मामांकडे सहा व्होल्टची जुनी येझदी आहे. ती पॉइंट-कंडेन्सरवाली. पॉइंट म्हणजे इंजिनाबरोबर उघडमीट करणारे संपर्क, कंडेन्सर म्हणजे त्यांच्यावरची ठिणगी आवरणारी छोटी डबी. तिथे प्रायमरीतून बॅटरीचा प्रवाह वाहत असतो, पॉइंट उघडले की तुटतो, आणि तो तुटण्याच्या क्षणी सेकंडरीत दाब उसळतो. चार्ल्स केटरिंगने १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारींसाठी बसवलेली ही रीत पुढे कित्येक दशकं जगभर चालली. मामांची गाडी सकाळी पहिल्या कीकला सुरू, पंधरा-वीस मिनिटं फिरली की बंद. चहा पिऊन येईपर्यंत पुन्हा सुरू. अशा वेळी पहिला संशय कंडेन्सरवर घ्यावा, आणि मामांनी घेतलाही. तीन गावांचे कंडेन्सर लावून झाले होते. सुट्टीत मी गेलो तेव्हा कॉईल काढून मोजली. थंड असताना प्रायमरी, सेकंडरी दोन्ही ठीकठाक.

मे महिना होता. मामींची वाळवणं गच्चीवर पसरलेली. मी कॉईल एका ताटलीत घालून कुरडयांच्या शेजारी उन्हात ठेवली. मामी वर आल्या, म्हणाल्या, "हे काय ठेवलंयस रे माझ्या कुरडयांत? त्याचं तेल-बिल लागलं तर बघ!" जुन्या डबा-कॉईलमध्ये तेल असतंच, तेव्हा त्यांची भीती अगदीच अनाठायी नव्हती. ताटली लांब सरकवली. दुपारी तीनला काळा डबा हाताला चटका देत होता. गच्चीवरच मीटर लावला. तापलेल्या तांब्याचा रोध वाढणारच. दर अंशाला साधारण ०.४ टक्के, म्हणजे ५० अंशांनी तापली तर एक-पंचमांश वाढ रास्त. प्रायमरी तशीच वाढली. सेकंडरीत मात्र १. वाट बंद. सावलीत आणून ठेवली, वाट बघत बसलो, आणि कधीतरी आकडा परत उगवला. आत कुठेतरी बारीक तार तुटलेली होती आणि थंडीत तिची टोकं एकमेकांना टेकून राहत होती. उन्ह नसेल त्या दिवसांत हेअर ड्रायरने हेच करता येतं. गॅसवर, उकळत्या पाण्यात किंवा ओव्हनमध्ये करू नये, तेल आणि डांबर भरलेला बंद डबा आहे तो.

म्हणून कॉईल तपासली असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, कशी? गार की गरम? किती फटीवर? 'चांगली आहे' हे अर्धं वाक्य झालं.

पावसाळ्यात अजून एक प्रकार असतो, तो सगळ्यात सोपा आणि बघायला सगळ्यात देखणा. रात्री व्हरांड्यातला दिवा घालवायचा, गाडी चालू ठेवायची, आणि केसांवर पाणी मारायच्या फवाऱ्याने कॉईल, वायर, कॅप यांवर हलकं धुकं सोडायचं. इन्सुलेशन फुटलेलं असेल तिथे वायरीवरून निळसर रेघा चेसिसकडे पळताना दिसतात. अशा जागी दिवसा पाहिलं तर पेन्सिलीने ओढल्यासारखी एक काळी रेघ असते. ती पुसून जात नाही. जळलेल्या कोळशाची वाट असते ती, आणि करंटला तीच वाट आवडते. तो भाग बदलायचा, टेप गुंडाळत बसायचं नाही. हे करताना हात मागे बांधल्यासारखे ठेवावेत, फवारा सोडून.

आणि रेडिओ. पूर्वी सांगली आकाशवाणी लावलेलं असताना दारावरून स्कूटर गेली की रेडिओत टर्रर्र व्हायचं, आठवतं? प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं प्रक्षेपणच. हेन्रिक हर्ट्झने १८८७ च्या सुमारास रेडिओलहरी पहिल्यांदा सिद्ध केल्या त्या अशाच कॉईलच्या ठिणगीने, आणि जगदीशचंद्र बोसांच्या कलकत्त्यातल्या प्रयोगांतही ठिणगीच होती. प्लगकॅपमधला तो ५ किलोओहमचा रेझिस्टर हा गोंगाट दाबण्यासाठीच घातलेला असतो. मिडियम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधे लावून गाडीशेजारी ठेवला की ठिणग्यांची टकटक ऐकू येते, आणि एखादी चुकली तर तेही कानाला कळतं. पक्कं निदान नव्हे, पण मिसिंग करंटचं की पेट्रोलचं याचा अंदाज येतो. ट्रान्झिस्टर सापडणं हीच आता अवघड अट.

पुतण्याने यंदा नवी गाडी घेतली, इंजेक्शनवाली. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा हे प्रदूषणाचे निकष आल्यावर स्प्लेंडरसुद्धा कार्बोरेटर सोडून इंजेक्शनवर गेली. तिथे कॉईलला हुकूम देतो तो ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, आणि प्लग हवेत लोंबकळत ठेवून स्टार्टर मारला तर कॉईलबरोबर त्यालाही दुखापत व्हायची धास्ती. कॉईलपेक्षा तो कितीतरी महाग. पोरगं परवा म्हणालं, "काका, आपली फळी आणा की, माझ्या गाडीची पण बघू." मी म्हटलं, गाडी चालतेय ना नीट? "चालतेय." मग मीटर खाली ठेव आणि वॉरंटीचा कागद नीट जपून ठेव. मिस्त्रीनेही हल्ली स्कॅनर घेतलाय. वायर खुपसली की पडद्यावर कोड येतो. परवा एका गाडीला कॉईलचा कोड आला, त्याने कॉईल बदलली, कोड पुन्हा आला. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये पाणी होतं. मला बघून म्हणाला, "सायेब, ह्ये बी कॉईलच म्हणतंय."

खुंटीला टांगलेली ती चालू कॉईल मात्र त्याने अजून काढलेली नाही.